दुधाळ काचा

पीएच.डी.च्या मार्गदर्शक सरांनी फोनवर स्पष्टच सांगितलं होतं, "महिनाभरात एक तरी पारदर्शक थर दाखवा, नाहीतर विषय बदला." दोन वर्षं घासल्यावर विषय बदलायचा, या विचारानेच माझी झोप उडाली होती.

काम सांगायला सोपं. जस्ताचा एक क्षार अल्कोहोलात विरघळवायचा, दिवसभर मुरू द्यायचा, त्याचे थेंब काचेच्या पट्टीवर टाकून पट्टी गरगर फिरवायची आणि भट्टीत भाजायची. झिंक ऑक्साइडचा थर इतका पातळ बसायला हवा, की काच कोरीच वाटावी. थर द्यायचा टप्पा या उन्हाळ्यातच सुरू झाला होता, पण माझा थर लांबूनही दिसायचा. पांढरट, ताकासारखा.

मी आधीच तापट. भट्टीचं तापमान बदललं, मोटरचा वेग वाढवला, पट्ट्या चार-चारदा धुतल्या. थर हट्टाने दुधाळच. कळमनुरीच्या बाजूला आमचं कॉलेज, त्यात पत्र्याखालची प्रयोगशाळा आणि भर उन्हाळा. तिथले शिपाई मामा सकाळीच बादल्या वाहून कूलर भरून ठेवायचे. "मॅडम, इथं डोकं फिरंल मानसाचं," म्हणायचे. त्या गार हवेत मी सुखाने काचा बिघडवत होते.

एके दिवशी नळाला पाणी आलं नाही. कूलर बंद. घामाने ओढणी भिजली, तरी चिडचिड करत काम उरकलं. दुपारी भट्टीतून पट्टी काढली, तर काच रिकामीच वाटली. थर द्यायचा विसरले की काय, म्हणून उजेडात तिरकी धरली, तेव्हा कडेला निळसर छटा चमकली. मी ओरडलेच.

मग कूलरकडे लक्ष गेलं आणि स्वतःचीच लाज वाटली. पोरांना आर्द्रता शिकवणारी बाई मी, आणि कूलरची दमट हवा थर नासवते आहे हे मला सुचू नये!

मामांना सांगितलं, तर त्यांचा चेहरा उतरला. "म्हंजे दोन महिन्यांपासून मीच तुमचं काम खराब करून राहिलो?" मला फार वाईट वाटलं. पण खोटं तरी काय बोलणार?

संध्याकाळी सरांना फोन केला. त्यांनी शांतपणे विचारलं, "जुन्या दुधाळ पट्ट्या फेकल्या नाहीत ना?"

फेकल्या नव्हत्या. तारखा घालून खणात ठेवल्या होत्या.

"छान. कोरड्या हवेतला थर आणि दमट हवेतला थर, दोन्हींची पारदर्शकता मोजा. आता विषय बदलायचं काही कारण नाही."

फोन ठेवून मी स्टुलावर बसले आणि एकटीच हसत सुटले. मग बाहेर जाऊन मामांना म्हटलं, "मामा, तुमच्या बादल्या वाया गेल्या न्हाईत. आता कधी कोरडी हवा लागंल, कधी ओली. दोन्हीचं काम हाय."

 मामा ताठ उभं राहून म्हणाले, "मंग उद्यापासून अंदाजानं न्हाई चालायचं. किती बादल्या टाकू, ते बराबर लिहून द्या."