साडूचा ज्येष्ठमध

माझ्या साडूइतका हेवा करण्याजोगा माणूस साऱ्या मराठवाड्यात दुसरा नव्हता, आणि तो हेवा करण्याचं काम आयुष्यभर एकट्या मला करावं लागलं. आम्हा दोघांना एकाच घरच्या बहिणी दिलेल्या. पण सासुरवाडीला मी गेलो की चहा यायचा, आणि तो गेला की सासूबाई स्वतः बाहेर यायच्या. सगळं त्याच्या खिशातल्या ज्येष्ठमधामुळे! समोरचा नुसता खाकरला तरी हा कांडी काढून चघळायला देणार. क्रांती चौकात रिक्षावाला घसा खरवडत भाडं सांगू लागला, तर यानं भाड्याचं सोडून त्याचा घसा तपासला. वर कांडी दिल्यावर माणसाला सोडायचा नाही. "सोळा आण्यातून किती आणे आराम?" असं विचारून उत्तर येईपर्यंत समोर उभा. पोलीस ॲक्शनच्या आधी, निजामाच्या राज्यात, उर्दूतून शिकलेला असल्यामुळे पुराव्याला तो 'सबूत' म्हणायचा. "आजी सांगती म्हणून औषध खरं होत नाय साडूभाऊ, सबूत पायजे," हे मला त्यानं इतक्यांदा ऐकवलं, की माझी आजी हयात नसतानाही मला तिची बाजू घ्यावीशी वाटे.

त्या घरात माझा मान एकच होता. मंगलाष्टका मी म्हणायच्या. धाकट्या मेहुणीच्या लग्नाला आम्ही बिडकीनला जमलो, आणि आदल्या दिवशीच्या बर्फाच्या सरबतानं अर्ध्या वऱ्हाडाचे घसे धरले. माझा तर पार बसला. सासूबाईंनी माझ्यासमोरच त्याला विचारलं, "जावईबापू, उद्या तुमीच म्हणता का?" तो मात्र "बघू की," म्हणून स्वयंपाकघरात गेला. तिथं त्याला सबुताची संधी दिसली होती.

सकाळी त्यानं दोन केटल्या भरल्या. लाल दोऱ्याच्या केटलीत ज्येष्ठमधाचा काढा, पांढऱ्या दोऱ्याच्या केटलीत नुसतं गूळ-बडीशेपेचं पाणी. कुणाला कुठलं मिळालं ते सांगायचं नाही, आणि मग आणे विचारायचे. मला त्यानं स्वतःच्या हातानं पेला आणून दिला. मी तो चडफडत प्यायलो.

पण केटल्या घेऊन फिरणाऱ्या पोरींकडून सासूबाईंना हा बेत कळला. "एका पंगतीत दोन तऱ्हा? माझ्या दारात असलं चालायचं नाय!" म्हणत त्यांनी दोन्ही केटल्या एकाच पातेल्यात ओतल्या आणि सगळ्यांना सारखं वाढलं. सगळ्यांनी एकजात आठ-आठ आणे सांगितले. साडूचा चेहरा पाहण्यासारखा झाला, आणि मी तो पोटभर पाहिला.

मुहूर्ताला माझा आवाज लागला. शेवटच्या 'सावधान'ला तर मांडव दणाणला. अक्षता पडल्यावर मी मुद्दाम त्याला गाठलं. "काय साडूभाऊ, सबूत पातेल्यात गेला म्हणे?"

"गेला की," तो म्हणाला. "पण तुमचा पेला मी केटल्या भरायच्या आधीच काढला होता. निव्वळ ज्येष्ठमध."

"म्हणजे मी तुमच्या प्रयोगात नव्हतोच?"

"छ्या! पांढरी केटली तुमच्या वाट्याला आली असती, तर मंगलाष्टका कुणी म्हणल्या असत्या? तुमच्यावानी आवाज हाय का इथं कुणाचा?"

इतकं बोलून तो जेवायला गेला. चांगला जमून आलेला हेवा त्यानं असा नासवला, याचा मला रागच आला.

त्याला जाऊन आता बरीच वर्षं झाली. घसा धरला की बायको ज्येष्ठमध उकळून देते. किती आराम पडला, हे समोर उभं राहून विचारणारं कुणी नाही. पेला रिकामा करून मीच म्हणतो, "बारा आणे, साडूभाऊ."

खरं तर चारच असतात.