पुढची तारीख

दुपारी हॉस्पिटलात ऋजुताच्या खाटेशी बसल्या बसल्या माझे डोळे मिटायला लागतात. सलाइनचे थेंब आधी दिसत असतात, मग ऐकू येऊ लागतात. थेंबांचा इतका आवाज होत नाही. मी रसायनशास्त्र शिकवते, असल्या गोष्टी माझ्या लक्षात येतात.

आवाज खडूचा आहे.

फळ्यापाशी ऋजुताचे बाबा उभे आहेत, अंगात काळा कोट. सकाळी लॉ कॉलेजात शिकवून ते तसेच कोर्टात जायचे, म्हणून वर्गातही कोटातच. बाह्यांवर कायम खडूची भुकटी. त्याच कोटात ते दोन वर्षांपूर्वी कोर्टाच्या पायऱ्यांवर कोसळले.

"बस, वैजयंती. हजेरी चाललीय."

बाकांवर मी एकटीच. ऋजुता दिसत नाही, पण तिचा तापातला भरभर श्वास माझ्या अगदी शेजारी आहे.

"ऋजुता," ते पुकारतात.

त्यांच्या वर्गात असताना ती 'हजर, सर' म्हणायची आणि घरी आम्ही तिला त्यावरून चिडवायचो. आत्ताही ती ओ द्यायला श्वास घेते. मी चाचपडत तिचे ओठ दाबून धरते. गेलेल्याच्या हाकेला ओ देऊ नये, असं माझी आई म्हणायची. मी ते कधी मानलं नव्हतं.

"वर्गात मी एकदाच पुकारतो," ते म्हणतात.

"पण अहो, तुम्ही कोट घातलाय. कोर्टात तीनदा पुकारतात."

ते बाहीकडे बघतात. "वकिलाची बायको शोभतेस."

बाकं आता कोर्टाच्या व्हरांड्यात आहेत. फळा मात्र तिथेच. ते दुसऱ्यांदा पुकारतात. तिसऱ्यांदा. माझ्या हाताखाली तिचे ओठ हलतात.

"गैरहजर? मग निकाल तिच्याशिवाय लागेल."

"मी आहे तिच्या वतीने. मुदत हवी."

"तू वकील आहेस?"

"आई आहे."

"कारण?"

"डेंग्यू. सकाळी प्लेटलेट अठरा हजार होत्या."

"मोघम बोलत नाहीस, हे बरं. पोरं नुसतं 'तब्येत बरी नाही' लिहितात." ते वळतात. "तारीख देतो. केस काढून टाकणं माझ्या हातात नाही."

खडू फळ्यावर चालू लागतो. मला ते आकडे वाचायचे नाहीत. मी डोळे मिटून पुढे होते आणि तळव्याने फळा पुसते. तो गार आहे आणि श्वास घेतल्यासारखा हलतोय.

"ताई, बघा, घाम आलाय. ताप उतरतोय." नर्स सलाइन बदलते आहे.

माझा उजवा तळवा पांढरा झालाय. मी वास घेते. खडूच आहे. ऋजुताच्या कोरड्या ओठांवर माझ्या बोटांचे पांढरे ठसे आहेत. मी ते पदराने पुसायला लागते, तशी ती डोळे उघडते.

"आई, तारीख उगीच पुसलीस," ती हळूच म्हणते. "मी वाचली होती."