सरी म्हणाले, सॉरी नव्हे

आमच्या घराण्यात मराठी टिकली ती स्वयंपाकघरात आणि भांडणात. बंगळूरच्या मल्लेश्वरममध्ये पिढ्यान्‌पिढ्या राहून तिच्यात इतकं कन्नड मुरलंय, की पुण्याहून आलेल्या आमच्या नर्सिंग सुपरवायझर मॅडम पहिल्याच भेटीत मला म्हणाल्या, "तुमची मराठी गोड आहे हो." गोड म्हणजे चुकीची, हे न कळायला मी काही कुक्कुलं बाळ नाही. वयाने त्या माझ्याहून लहान, हुद्द्याने मोठ्या, आणि इस्पितळात हुद्दाच चालतो.

भांडण मात्र मराठीवरून झालं नाही. माझ्या वॉर्डात मांडीचं हाड मोडलेल्या एक आजी होत्या. सकाळी त्यांचं अंग पुसायला गेले, तर मुलगा उशाशी फोन धरून उभा. फोनवर परदेशातला भाऊ आणि त्याचं अख्खं घर. आजींचा गाऊन मी अर्धा उतरवला तरी हा हलेना. म्हटलं, सर, जरा बाहेर थांबा. "आप अपना काम कीजिए ना," तो म्हणाला आणि कॅमेरा आजींकडेच ठेवला. आजींनी एका हाताने गाऊन घट्ट धरला आणि दुसऱ्याने तोंड झाकलं. मी पुन्हा सांगितलं, तो पुन्हा हसला. मग मी कॅमेऱ्यावर हात ठेवला, त्याला दाराबाहेर घालवलं आणि पडदा ओढला. माझा आवाज चढला होता, पण हळू आवाजात सांगून झालं होतं.

तो बेळ्ळंदूरच्या कुठल्याशा कंपनीतला बडा माणूस निघाला. तक्रार थेट वर गेली आणि मॅडम तरातरा खाली आल्या. भर पॅसेजमध्ये, ट्रॉल्यांच्या खडखडाटात, त्यांनी मला झाडायला सुरुवात केली. नातेवाइकांच्या वस्तूला हात लावायचा नसतो, ते आपले ग्राहक असतात, वगैरे. मी मास्कच्या आडून "सरी मॅडम, सरी" म्हणत राहिले. आमच्याकडे समोरचा बोलत असला की सरी म्हणायचं असतं. म्हणजे बरं, पुढे बोला. पटलं, असा त्याचा अर्थ मुळीच नाही. माझी आई वडिलांचं सगळं सरी सरी म्हणत ऐकून घ्यायची आणि मग स्वतःच्याच मनासारखं करायची.

त्याच आठवड्यात मला चौकशीला बोलावलं. मोठे डॉक्टर साहेब, एचआरचे गृहस्थ आणि मॅडम.

"सिस्टरनी चूक कबूल केली आहे," मॅडम म्हणाल्या. "माझ्यासमोर कितीदा तरी सॉरी म्हणाल्या. आता त्यांनी नातेवाइकांना तेच सांगावं, म्हणजे विषय संपेल."

मी चक्रावलेच. मी आणि सॉरी? मग डोक्यात उजेड पडला.

"मॅडम, मी सरी म्हणत होते. सॉरी नव्हे."

मोठे साहेब इथलेच, कन्नड बोलणारे. त्यांना हसू आवरेना. एचआरवाल्यांना काही कळेना. मॅडम लालबुंद झाल्या, पण हार मानणाऱ्यांतल्या नव्हत्या. "सरी म्हणजे हो ना? मग मान्यच केलंत की!"

"सरी म्हणजे ऐकलं, मॅडम. मानलं नाही."

साहेबांनी हसू आवरलं आणि ते मायेने म्हणाले, "तेव्हा नसेल म्हटलं, तर आता म्हणा. एक शब्द. आणि जा आपल्या वॉर्डात. नाहीतर मला तुम्हाला तिथून हलवावं लागेल."

ते मायेने बोलले, म्हणूनच जास्त लागलं. त्या वॉर्डावर माझा जीव होता. सॉरी तर मी बसमध्ये धक्का लागला तरी म्हणते. पण इथे तो शब्द दिला असता, तर उद्या आमच्यातल्या कुठल्याही नर्सने पडदा ओढण्याआधी नातेवाइकाचं तोंड पाहिलं असतं.

"नाही, सर. पुन्हा असं झालं तर पुन्हा बाहेर काढीन."

"हट्ट करताय."

"हो सर."

मला लेखी ताकीद मिळाली आणि बदली ईसीजीच्या खोलीत झाली. घरी जाताना ऑटोत रडले, दुःखाने नाही, संतापाने. ऑटोवाल्याने आरशातून विचारलं, "याके अक्का, एनायतु?" काय झालं ते मी त्याला मल्लेश्वरम येईपर्यंत सांगत होते. बिचारा दर सिग्नलला सरी सरी म्हणत होता.

आता ईसीजीची खोली म्हणजे काय, तर तिथे येणाऱ्या प्रत्येक बाईला छाती उघडी करून झोपावं लागतं. साहेबांना शिक्षेसाठी नेमकी हीच खोली सापडली. पहिल्याच दिवशी एक बाई टेबलावर झोपल्या आणि त्यांचे यजमान फोन चाळत आतच उभे राहिले. गळ्यात कंपनीच्या ओळखपत्राचा पट्टा. ताकीद मला लख्ख आठवत होती.

"बाहेर थांबा, सर," मी म्हटलं.

"मैं हज़बंड हूँ," ते म्हणाले.

मी त्यांच्याशी वाद घातला नाही. खाली वाकून बाईंना विचारलं, यांनी आत थांबलेलं चालेल का? बाईंनी नवऱ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "बाहर ही ठीक है," त्या हळूच म्हणाल्या.

मी यजमानांना बाहेर काढलं आणि दाराला कडी घातली.