वहिनीची ओली भिंत

आमच्या वहिनीचा कुणावर म्हणून विश्वास बसत नाही. दूधवाल्यावर नाही, डॉक्टरवर नाही, वजनकाट्यावर तर मुळीच नाही. भाजीवाल्याने न मागता मूठभर मिरच्या टाकल्या, तर ही सगळी पिशवी तिथेच उलटी करते, याने आत सडकं काय खपवलं ते बघायला. माझं लग्न ठरलं तेव्हा मुलगा फार गोड बोलतो म्हणून ती त्याच्या ऑफिसात चौकशीला गेली होती. चौकशीत निघालं काय, तर तो सगळ्यांशीच गोड बोलतो आणि काम काही करत नाही. तेवढं मात्र तिचं खरं निघालं.

ती चष्म्याच्या दुकानात कामाला आहे. लोकांच्या नाकावर फ्रेम बसवायची, कानामागची दांडी वाकवून नीट करायची. दिवसभर माणसांचे चेहरे वीतभर अंतरावर. इतक्या जवळून पाहिलं की माणूस आरपार कळतो, असं तिचं म्हणणं. मला विचाराल तर इतक्या जवळून नाकाशिवाय काही दिसत नाही, पण तिला सांगणार कोण? माझा दादा शाळेची बस चालवतो. दिवसभर पोरांचा कलकलाट ऐकून आलेला असतो, त्यामुळे घरी गप्प बसतो. म्हणून तर दोघांचं जमतं.

तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत ती दोघं अकरा वर्षं भाड्याने राहत होती. मी पलीकडच्याच गल्लीत राहते, रोजचं जाणं-येणं. घरमालकीण म्हणजे एक म्हाताऱ्या काकू, गावाच्या दुसऱ्या टोकाला लेकीकडे राहायच्या. गुडघे गेलेले, त्यामुळे जिने चढून इकडे कधी येत नसत. एक दिवस त्यांनी फोन करून सांगितलं की घर विकायचं आहे. पहिला मान तुमचा, पण बँकेचं कर्ज लवकर मंजूर करून घ्या, तोवर दलाल माणसं आणेल, त्याला मी नाही म्हणणार नाही.

दादा खूश झाला. वहिनी म्हणाली, ही म्हातारी आपल्याला दाखवून दुसऱ्यांकडून किंमत वाढवून घेणार.

तिचाही दोष नाही म्हणा. दुधाने तोंड पोळलं होतं. आधी दोनदा त्यांनी घर बघितलं होतं, आणि दोन्ही वेळा ते अशा माणसाने उचललं होतं ज्याची आधीच तीन-चार घरं होती. आपण बँकेच्या दारात कागद घेऊन ताटकळायचं, तोवर हा रोख पैसे घेऊन पुढे. स्वतः राहायचं नाही, भाडं पिकवायचं. अशा लोकांचं नाव काढलं की वहिनीच्या कपाळाची शीर उडायला लागायची. आपण डोकं टेकायला चार भिंती शोधतोय आणि हे आयत्या बिळावरचे नागोबा, असं म्हणून ती भांडी इतकी आपटायची की खालचे लोक वर बघायचे. आमच्या भागात असा एकजण होता. कमरेला किल्ल्यांचा जुडगा लावून फिरायचा, म्हणून सगळे त्याला किल्लीवालाच म्हणत. वहिनीला खात्री होती की हा येणार.

मग तिने काय करावं?

एक दिवस मी गेले तर बाई बाथरूमला लागून असलेल्या भिंतीला ओले टॉवेल चिकटवून, वर हाताने दाबून उभी. पुढ्यात पातेल्यात गार झालेला कोरा चहा. टॉवेल काढले, स्पंजने चहाचं पाणी कडेकडेने टिपलं, आणि बघता बघता भिंतीवर पिवळ्या काठाचा मोठा डाग उठला. मी म्हटलं, अगं, हे काय आरंभलंस? म्हणाली, अर्ध्या तासात घर बघायला माणसं येतायत. ओल बघून कोण घेईल? कर्ज मंजूर होईपर्यंत सगळ्यांना असंच वाटेला लावायचं.

मला हसूही आलं आणि धास्तीही वाटली. दलाल काकूंना सांगेल की, म्हटलं. सांगू दे, म्हणाली, त्या काय जिने चढून बघायला येणार आहेत? आणि दादाने डाग बघितला तर नळ गळला म्हणून सांगायचं, खरं काही बोलायचं नाही, असा मलाच दम दिला.

पहिलं एक जोडपं आलं. लहान वयाची, नुकतीच लग्न झालेली असावीत. पोरगी खिडकीत उभी राहून सकाळचं ऊन कुठवर येतं ते विचारत होती. पाळणा इथे मावेल का, असं तिने नवऱ्याला हळूच विचारलं. मला आपलं वाईट वाटायला लागलं. वहिनी मात्र माझ्या कानाला लागून कुजबुजली, फसू नकोस, ही किल्लीवाल्याने पुढे केलेली माणसं असणार. मग त्या पोरीने भिंत पाहिली. नवऱ्याने हात लावला, हात ओला झाला. बाळ येणारं घर आणि भिंतीला ओल, कोण घेणार? दलालाशी धड न बोलता दोघं उतरून गेली.

दुसरे आले ते एक निवृत्त मास्तर. आयुष्यभराची पुंजी गुंतवून पहिलंच घर घेणार होते. त्यांनी भिंत ठोकून पाहिली, वास घेतला, आणि दम्याच्या माणसाला हे घर नको म्हणून निघाले. वहिनीने दार लावून घेतलं आणि मला टाळी दिली. बँकेचं कामही शेवटाला आलं होतं. एखाद्या सहीचा प्रश्न होता.

तिसऱ्या खेपेला किल्लीवाला आला. वहिनी डोळ्यात तेल घालून बघत होती. त्याने ना खिडकी पाहिली ना ओटा. भिंतीवर तळहात ठेवला, नाक जवळ नेलं, आणि वहिनीकडे वळून एकच विचारलं, भाडं किती देता? तिने सांगितलं. तो मान हलवून चालता झाला. मिनिटभरही थांबला नसेल.

पळाला, वहिनी म्हणाली. त्या दिवशी ती इतकी खुशीत होती की तिने मला खाली जाऊन आइस्क्रीम खायला घातलं.

चार दिवसांनी काकूंचा फोन आला. घर विकलं होतं. किल्लीवाल्याने विसार दिला होता.

दादाने फोन ठेवला आणि खुर्चीत बसून राहिला. तेव्हा कुठे वहिनीने त्याला टॉवेल, चहा, स्पंज सगळं सांगितलं. दादा ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. तो एवढंच म्हणाला, आत्ताच्या आत्ता काकूंकडे जा आणि खरं सांग.

आम्ही दोघी गेलो. काकूंनी बसायला सांगितलं, पाणी दिलं, आणि वहिनी बोलायच्या आधी स्वतःच सुरू झाल्या. ओलीपायी दोन गिऱ्हाइकं हातची गेली. तिसऱ्याने सांगितलं की भिंत आतून पोखरली आहे, महिन्याभरात किंमत आणखी पडेल. मी घाबरले. म्हटलं, तुमच्या बँकेची वाट बघण्यापेक्षा मिळतंय त्यात देऊन टाकावं. त्यांनी किंमत सांगितली. एवढी कमी, की दादाला बँकेत इतके खेटे घालावेच लागले नसते.

"अकरा वर्षं राहिलीस आणि ओल आहे म्हणून एकदाही बोलली नाहीस," काकू म्हणाल्या. "बोलली असतीस तर याच किमतीत तुलाच दिलं नसतं का?"

मी वहिनीला कोपर मारलं.

"काकू, भिंत कोरडी आहे," ती म्हणाली. "ओल मीच लावत होते. लोकांनी घेऊ नये म्हणून."

काकूंनी तिच्याकडे पाहिलं. वहिनी ज्या नजरेने सगळ्या जगाकडे बघते, अगदी त्याच नजरेने.

"दलाल म्हणतो ओल आहे. बघायला आलेला प्रत्येकजण म्हणतो ओल आहे. आणि आज मी विसार घेतल्यावर तू सांगतेस, नाही," त्या म्हणाल्या. "व्यवहार मोडायला आलीस ना? मला वाटलं होतं, तू तरी सरळ आहेस."

वहिनीने शपथा घेतल्या, रडली, लेकीला पाठवून भिंत बघून घ्या म्हणाली. लेकीने आतूनच सांगितलं की ज्याला ओल लावता येते त्याला वाळवताही येते. वहिनी जन्मात पहिल्यांदा कुणापुढे मन उघडं करून खरं बोलली असेल, आणि तेच कुणाला पटलं नाही. परतताना ती रस्ताभर पदराने नाक पुसत होती. मला तिचा संताप आला होता आणि तिला जवळ घ्यावंसंही वाटत होतं.

खरेदी झाल्यावर किल्लीवाला गवंड्याला घेऊन आला. आम्ही तिघंही घरात होतो. गवंड्याने डागावर छिन्नी धरून टवका उडवला. आतून कोरडी पूड भुरभुरली. त्याने आणखी खोल ठोकलं. वीट ठणठणीत. तो बिचारा गोंधळून मालकाकडे बघायला लागला. किल्लीवाल्याने त्याला खाली जाऊन थांबायला सांगितलं.

"ताई, खऱ्या ओलीने पोपडे निघतात," तो वहिनीला म्हणाला. आवाजात राग नव्हता, तेच जास्त लागलं. "तुमच्या भिंतीला चहाचा वास येत होता, आज फक्त खात्री करून घेतली. माझे भाडेकरू माझ्यावर असले प्रयोग नेहमी करतात."

"कळलं होतं तर बोलला का नाहीत?"

"मी कशाला बोलू? त्या भिंतीनेच तर मला घर स्वस्तात मिळवून दिलं." तो दारापर्यंत गेला आणि थांबला. "आणि माझ्या नावाने बोटं मोडू नका. त्या पोरांनी घेतलं असतं, मास्तरांनी घेतलं असतं, तर आज तुम्ही सामान बांधत असता. त्यांना इथे राहायचं होतं. मला कुठे राहायचंय? तुम्ही राहा. भाडं तेवढं वाढेल, आणि भिंत तुमच्या खर्चाने रंगवून घ्या."

किल्ल्यांचा आवाज जिन्याने खाली गेला. त्याला सुनवायला माझ्याकडे शिव्यांची अख्खी माळ तयार होती, पण एकही तोंडातून निघाली नाही. काकूंशी खोटं बोललात म्हणावं, तर ते खोटं मुळात आमचंच होतं, आणि याच गोष्टीने माझा जीव जास्त जळत होता.

दादाने झाडू आणला आणि भिंतीखालची पूड गोळा करायला लागला. वहिनी त्या भोकासमोर बसली होती.

"मी सगळ्यांवर संशय घेतला गं," ती मला म्हणाली. "त्या पोरीवर घेतला, काकूंवर घेतला. आणि हा पळाला, यावर मात्र लगेच विश्वास ठेवला."

मग तिने दादाकडे बघून विचारलं, "आता काय करायचं?"

दादा वाकून झाडतच होता.

"आता याला भाडं द्यायचं," तो म्हणाला.