हललेला शॉट

काचेच्या दुकानातल्या हातगाडीवाल्याला सगळा बाजार 'पाणसळ' म्हणायचा. फरशी सपाट बसली की नाही, हे गवंडी जिच्यावर बघतो ती पाणसळ. सव्वीस वर्षांत त्याच्या गाडीवर एका काचेला तडा गेला नव्हता. रस्त्यातला खड्डा डोळ्यांआधी त्याच्या तळव्याला कळायचा. हे नाव सोडलं तर त्याच्याकडे मिरवण्यासारखं काही नव्हतं. म्हणून तो ते जिवापाड जपायचा.

उतारावर मागून दोर धरायला त्याचा मेहुणा असे, बायकोचा धाकटा भाऊ. दोघांत एक शब्द ठरलेला होता, 'सोड'. ऐकला की दोर सोडायचा, विचार करायचा नाही. बोट दोरात अडकलं तर विचार करेपर्यंत ते गेलेलं असतं.

एक दिवस झिजलेल्या चपलांचा एक दिग्दर्शक दुकानात आला. चार मित्र मिळून सिनेमा काढत होते. कॅमेऱ्याची ट्रॉली परवडत नव्हती.

"काका, कॅमेरामनला गाडीवर बसवून उतारावरून आणायचंय. हादरा बसता कामा नये."

"काच हलत नाही, तिथे तुमचा माणूस काय हलणार? त्याला फक्त सांगा, शिंकू नको."

पाणसळने चाकांवर सायकलच्या जुन्या ट्यूब गुंडाळल्या. कण्यात ताजं ग्रीस भरलं. उतारावरचे खडे झाडूने काढले. हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

नटी फुटपाथवरून चालणार आणि गाडी तिच्या बरोबरीने उतरणार, असा शॉट होता. पुढे दांडीला पाणसळ, मागे दोराला मेहुणा. सात वेळा नटी वाक्य विसरली. सातही वेळा दोघांनी कॅमेरामनसकट गाडी वर चढवली.

"दाजी, हिच्यापेक्षा काचा बऱ्या," मेहुणा म्हणाला. "बोलायचं तरी नसतं त्यांना."

आठव्यांदा ती पुन्हा अडखळली. दिग्दर्शक वैतागून मागून ओरडला, "सोडा, सोडा!"

राहू द्या, असं त्याला म्हणायचं होतं. मेहुण्याने दोर सोडला.

सगळं वजन पाणसळच्या अंगावर आलं. टाचा रोवल्या, त्या घसरल्या. मग त्याने दांडी फिरवून गाडी भिंतीवर घातली. कॅमेरामन कॅमेरा कवटाळून बसला होता, त्याला खरचटलंही नाही. पाणसळचा घोटा चाक आणि भिंतीमध्ये सापडला.

"तुम्हीच सांगितलं होतंत ना दाजी, विचार करायचा नाही म्हणून!" मेहुणा रडकुंडीला आला होता.

"मी म्हटलं तर. मी."

घोटा जुळला, पण वाकडा. गाडी दुसऱ्याच्या हाती गेली. पाणसळ दुकानात बसून काचा पुसू लागला. मेहुण्याने बहिणीच्या घरी येणं सोडलं. तिने दोनदा निरोप धाडला, मग तीही गप्प झाली.

वर्षभराने एका लहानशा सभागृहात सिनेमा दाखवला. दिग्दर्शकाने पाणसळला बायकोसह पहिल्या रांगेत बसवलं. उताराचा शॉट आला. नटीच्या मागची भिंत तेलावरून सरकावी तशी सरकत होती.

"बघ, केसभर हलत नाही," तो बायकोच्या कानात म्हणाला.

तेवढ्यात पडदा हादरला. आभाळ, भिंत, कुणाची तरी किंकाळी. लोक श्वास रोखून बसले, मग टाळ्या पडल्या. 

सिनेमा संपल्यावर त्याने दिग्दर्शकाला गाठलं. "ते काढायचं राहिलं का?"

"काढू कसं, काका? तिथेच तर लोकांच्या काळजाचा ठोका चुकतो."

"आधीचे सात होते ना. त्यांतला एकही हलला नव्हता."

"त्यांत काय, नुसती गाडी चालते."

"नुसती," पाणसळ म्हणाला. वाकडा पाय दुखत होता, त्याने भार दुसऱ्या पायावर घेतला. "मग शेवटी नावांच्या पाटीवर 'गाडी: पाणसळ' असं आलंय, तेवढं काढा."

दिग्दर्शकाला ही थट्टा वाटली. तो हसला, काकांचा खांदा थोपटला आणि दुसऱ्या पाहुण्यांकडे वळला. पाणसळ बायकोच्या आधाराने एकेक पायरी उतरू लागला.