रेडिओ मी बदलला नव्हता

गाणी लावायला मी सांगितलं नव्हतं. हे आधी वाचा, मग बाकीचं.

असो, नमस्कार मंडळी. काल माझ्या नातीने, मुग्धाने, दुबईचा जुना फोटो इथे आपल्या ग्रुपवर टाकला. तिची आई वैशाली हेल्मेट काखेत धरून उभी, मागे आमची पांढरी गाडी. खाली लिहिलंय, आजीने रेडिओवर गाणी लावली म्हणून आईची रेस हुकली. त्यावर ढीगभर लोक हसलेत.

वीस वर्षांहून जास्त झाली, हेच ऐकतेय. प्रत्येक बारशाला, प्रत्येक गेट-टुगेदरला... आता पुरे.

मुग्धा दुसरीत होती तेव्हाची गोष्ट. थंडीतला शुक्रवार, सुट्टीचा दिवस. रास अल खोरच्या गोदामांमागे मोकळ्या डांबरी जागेत हौशी लोकांची रेस असायची. रेस कसली... नारिंगी कोन मांडायचे, एकेका गाडीने त्यांच्यामधून नागमोडी पळायचं आणि वेळ मोजायची. पेट्रोल जाळायचा उद्योग.

माझा मुलगा अजित आणि सून वैशाली, दोघांत गाडी एकच. चौदा नंबर त्याचा, पंधरा तिचा.

तिथे भोंगा नसायचा. टेबलावर एक छोटं यंत्र, त्याला काडीएवढी एरियल, आणि एक माणूस माईकवर बोलायचा. ते आपापल्या गाडीतल्या रेडिओवर ऐकायचं, काचा बंद करून, एसीत. गेटबाहेर गेलं की नुसती खरखर. नंबर पुकारला की लाईनीत जायचं, तीनदा पुकारून आला नाहीत तर खलास. इंग्रजी मला येत नाही, पण फोर्टीन आणि फिफ्टीन तेवढं ओळखायला वैशालीने शिकवलं होतं.

पहिल्या फेरीत अजितला बावन्न सेकंद लागले, वैशालीला पन्नास. रेडिओवरच्या त्या माणसाने दोन्ही आकडे चवीने दोनदा सांगितले. ऐकत होते सगळेच... अख्ख्या मैदानाने हॉर्न वाजवले. अजितचा एक मित्र खिडकीशी येऊन म्हणाला, "हबीबी, अब खाना तू बना, गाडी भाभी को दे." अजित हसला. मी आई आहे त्याची, ते हसणं कुठलं ते मला कळतं.

दुसऱ्या फेरीत त्याने तीन कोन उडवले. गाडी परत जागेवर आली तेव्हा वैशाली मुग्धाला घेऊन बाथरूमच्या केबिनकडे निघाली. "फिफ्टीन म्हणाले की हॉर्न वाजव हं," असं त्याला सांगून गेली. मी परत मागच्या सीटवर येऊन मटार सोलत बसले.

पुकारलं. मी म्हटलं, "अरे अजित, फिफ्टीन म्हणतोय तो."

"अजून दोनदा पुकारतील, आई. तू गाणी ऐक जरा, बोअर झाली असशील." आणि बटण फिरवून त्याने हिंदी स्टेशन लावलं.

हॉर्न त्याने वाजवला नाही. मीही पुढे वाकून वाजवला नाही...

ती आली तोवर तिचं नाव कापलं होतं. दोन्ही फेऱ्या झाल्या तरच निकालात नाव, असा नियम. तिने विचारलं, "कॉल आलाच नाही का?" हा म्हणाला, "आईला गाणी ऐकायची होती." वैशाली माझ्याकडे बघत राहिली. मी मटाराच्या शेंगांकडे.

"असू दे हो आई," म्हणाली. पुढच्या शुक्रवारपासून ती तिकडे फिरकली नाही. हेल्मेट आधी कपाटावर गेलं, मग त्यात कांदे राहायला लागले.

सुनेसमोर मुलाला खोटं पाडायचं नाही, असं मला तेव्हा वाटलं. चौथी शिकलेली बाई मी... पण तिने शिकवलेला आकडा मी बरोबर ऐकला होता, त्यामुळे शिक्षणाच्या नावाने रडायला जागा नाही. मी गप्प बसले, ती माझी चूक. वैशाली, तेवढी मी आज सगळ्यांसमोर कबूल करते. बाकीची माझ्या खात्यावर नको.

मुग्धा, तू इंग्रजीत 'इट वॉज सो फनी' लिहू नकोस. वैशाली, तू 'जाऊ दे हो आई' म्हणत मधे पडू नकोस. खाली अजितने खरं काय ते लिहायचं... मराठीत, स्वतःच्या हाताने, आणि वैशालीला उद्देशून, मला नव्हे. तोवर बाकी कुणी कमेंट करायची नाही.