कुणालाच न दिलेली जास्वंद

जालन्याहून देवबागला हॉटेलात कामाला आलो, तेव्हा कुंड्यांचा नाद असलेला एक शेजारी भेटला. माणूस कसला, कुलूप होतं! जास्वंदीची छाटणी केली की फांद्या उकळत्या पाण्यात बुडवून मगच फेकायचा. कुणाच्या दारी रुजू नयेत म्हणून. माझी कुंडी बघून म्हणायचा, "ह्या काय रे? भाजी लावलंस?" तरी परक्या गावात रोज माझ्याशी बोलणारा तोच एकटा, हे उपकार मी विसरत नाही.

तो वारला आणि त्याच्या बायकोने सगळ्या कुंड्या माझ्या गळ्यात घातल्या. आता त्याची पिवळी जास्वंद खाऱ्या वाऱ्याने सुकत चाललीय. गावात तिचं दुसरं रोप नाही, असणार कुठून? सातवीत शाळा सोडलेला मी, झाडाचं औषधपाणी मला काय कळणार? तिला काही झालं तर काय, या धास्तीने हिरव्या राहिलेल्या फांद्या तोडून दारोदार फिरलो.

मासे विकणारी मावशी म्हणाली, "त्या कंजूषाचा झाड माझ्या दारात नको."

"मरेल हो ती, मावशी."

तिने फांदी ओढून घेतली. "दी हडे. जगला तर सगळ्या वाडीत एकेक फांदी वाटतलंय, तेच्याच नावान. वर बसान जळांदे मेलो!"